भाजल्याची जखम नाही

दिनांक ३० मार्च २०२४, वेळ सकाळी ११.१५

नाव सौ. दामिनी अमृत गिरासे, वय ३८ वर्षे, व्यवसाय नोकरी (अधिपरिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र, तोरणटेक), राहणार मौजे तोरणटेक, मारुती मंदिरामागे, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती व दोन मुलींसह राहते. पती शेती करतात. मी चौदा वर्षांपासून परिचारिका आहे, त्यातील शेवटची सहा वर्षे तोरणटेक येथे. त्यापूर्वी चार वर्षे मी जळीत कक्षात काम केले आहे. त्यामुळे भाजलेला माणूस कसा दिसतो, हे मला कोणी सांगावे लागत नाही.

मयत रंजिता नवनीत पाटील, वय २३, ही आमच्याच गावची सून. माहेर प्रकाशा. लग्नाला येत्या मे महिन्यात दोन वर्षे झाली असती. घरात पती नवनीत व सासू प्रमिलाबाई असे तिघे. सासरे हयात नाहीत. नदीकडेला त्यांची केळी व पपई आहे. रंजिताचे वडील मगन दोधू पाटील यांनी दि. २७ रोजी दिलेली तक्रार मला आज वाचून दाखवण्यात आली. नवनीत व प्रमिलाबाई यांनी तिला जाळले, असे त्यात म्हटले आहे. त्याबाबत मला माहीत आहे ते सांगते.

लग्नानंतर चार-पाच महिन्यांनी रंजिता आरोग्य केंद्रात आली. ओपीडी संपली होती. तिने केसपेपर काढला नव्हता. बाकावर बसून तिने मला सांगितले की, तिला शाळेत असल्यापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत, गोळी घेतली तर फिट येत नाही. लग्न जमवताना माहेरच्यांनी ही गोष्ट सांगितली नव्हती. ती म्हणाली, "ताई, मन्ही सासूले सांगू नका. मी गव्हाना डब्बामां लपाडी ठेवस." मी तिला म्हटले, नवऱ्याला तरी सांग. ती म्हणाली, सांगेन. मी ही बाब कोणाला सांगितली नाही. आमच्या नोंदवहीतही लिहिली नाही. त्यानंतर ती महिन्या-दोन महिन्यांनी यायची, वजन करायची, थोडे बसून जायची. माझी धाकटी मुलगी तिथे अभ्यासाला बसलेली असायची, तिच्या वहीत रंजिता रांगोळीची नक्षी काढून द्यायची. तिचे अक्षर व हात फार चांगला होता.

प्रत्येक वेळी मी तिला एकच सांगायचे की, एकही गोळी चुकवायची नाही. फिटच्या रुग्णाला आम्ही हेच सांगतो. तिच्या डोक्यात ते पक्के बसले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ती माहेरी गेली. मूल व्हावे अशी दोघांची इच्छा होती आणि जुनी गोळी गरोदरपणात चालत नाही, म्हणून तिच्या वडिलांनी तिला गुजरातमध्ये एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी गोळी बदलून दिली. परत आल्यावर तिने मला नवीन गोळीचे पाकीट दाखवले. कार्बामाझेपीन असे नाव होते. या गोळीने क्वचित कोणाला अंगावर गंभीर प्रकार होतो, पहिल्या दोन महिन्यांत लक्ष ठेवावे लागते, हे मी शिकलेले आहे. पाकीट हातात घेतले तेव्हा मला ते आठवले नाही. डॉक्टरांची चिठ्ठी कुठे आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, "बापूजवळ शे. घरमां सापडनी तं?" मी अधिक विचारले नाही.

दि. १५ मार्च, शुक्रवार रोजी साडेदहाच्या सुमारास ती ओपीडीत आली. अंगात ताप १०१, घसा दुखतो, डोळे लाल. त्या आठवड्यात गावात डोळे आलेले बरेच रुग्ण होते. वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या गावी शिबिराला गेले होते. मी तापाची गोळी व डोळ्यांचे थेंब दिले. ओठ आतून पाहिले नाहीत. जाताना ती दारातून मागे वळली व हळू आवाजात विचारले, "ताई, तापमां ती गोळी लेवानी का?" मी म्हटले, घ्यायची. तापात तर अजिबात चुकवायची नाही, तापात फिट येण्याची भीती जास्त.

दि. १७ मार्च, रविवार रोजी दुपारी तिचा फोन आला. फोन नवनीतचा होता. माझी सुट्टी होती व घरी पाहुणे होते. ती म्हणाली, तोंड आतून सोलल्यासारखे झाले आहे, पाणी गिळता येत नाही, छातीवर लाल ठिपके आले आहेत. मी विचारले, खाज येते का. ती म्हणाली, "खाज नही ताई, दुखस. कपडा लागना तरी दुखस." मी तिला म्हटले, उद्या सकाळी ये, डॉक्टरांना दाखवू. तिने पुन्हा गोळीबाबत विचारले. मी म्हटले, घेत राहा. फोन सव्वादोन मिनिटांचा होता. मी नंतर मोबाईलमध्ये पाहिले.

खाज नाही व दुखते, हे ऐकल्यावर मी लगेच उठून तिच्याकडे जायला हवे होते. मला कांजिण्या वाटल्या होत्या, पण कांजिण्या खाजतात. तोंड, डोळे व छाती एकाच वेळी आणि त्यात नवीन गोळी, हे सर्व तिने मला दोन दिवसांत सांगून झाले होते.

दि. १८, सोमवारी ती आली नाही. त्या दिवशी लसीकरण होते. मला दोनदा तिची आठवण झाली. मी फोन केला नाही.

दि. १९, मंगळवार रोजी सकाळी नऊच्या सुमारास आमच्या आशा कार्यकर्त्या भुरीबाई यांनी सांगितले की, नवनीत पाटलांच्या घरी सुनेला माता म्हणजे कांजिण्या आल्या आहेत, दाराला लिंबाचा पाला बांधला आहे. मी हजेरी लावून लगेच भुरीबाईंसोबत निघाले. प्रमिलाबाई दारात आल्या व हात जोडून म्हणाल्या, "सिस्टर, माता उनी शे, दवाखाना नको. पाच दिन जाऊ द्या." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माता आल्या म्हणून घरात तीन दिवस फोडणी दिली नव्हती. त्या स्वतः सुनेजवळ जमिनीवर झोपत होत्या व तिला चमच्याने ताक पाजत होत्या. मी म्हटले, मला फक्त पाहू द्या. त्यांनी आत येऊ दिले.

रंजिता खाटेवर लिंबाच्या पाल्यावर कुशीवर निजलेली होती. डोळ्यांच्या पापण्या चिकटलेल्या. ओठांवर काळपट रक्ताच्या खपल्या. चेहरा, छाती व पाठ यांवर जांभळट डाग, काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळून मोठे पातळ फोड झालेले. उजव्या खांद्यावर तळहाताएवढी कातडी नव्हती. मी बोटाने दंडावर अगदी हलके दाबून सरकवले. वरची कातडी ओल्या कागदासारखी सरकली. मी हात काढून घेतला. काय आहे ते मला तेव्हा समजले.

प्रमिलाबाई खांद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काल मी वला फडकानी आंग पुसं. मन्हा हातनी निंघनं ते, सिस्टर." त्या सारख्या स्वतःच्या हातांकडे पाहत होत्या. याबाबत मी स्पष्ट सांगते की, या आजारात कातडी आतून सुटलेली असते व कपड्याच्या स्पर्शानेही निघते. प्रमिलाबाई यांनी पुसले नसते तरी ती निघाली असती.

खाटेजवळ बसून मी रंजिताला कानाशी विचारले, गोळी शेवटची कधी घेतली. तिला बोलणे जड जात होते. ती म्हणाली, "रातले लिधी. तुम्हीन सांगं व्हतं ना. एक बी चुकाडी नही." गिळताना तोंडातून रक्त येत होते, तरी सासू पाणी आणायला गेली की ती गोळी घेत होती.

आता घ्यायची नाही, असे मी तिला सांगितले. तिने मान हलवली.

ही माता नाही, आत्ताच न्यावे लागेल, असे मी सांगितल्यावर प्रमिलाबाई कबूल झाल्या. आरोग्य केंद्रात नेईपर्यंत पावणेदहा झाले. नवनीतला शेतातून बोलावले होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तपासून विचारले, कुठली गोळी चालू होती का. प्रमिलाबाई म्हणाल्या, काहीच नाही. रंजिताच्या एका डोळ्याची पापणी मी मिठाच्या पाण्याने सोडवली होती. त्या डोळ्याने ती माझ्याकडे पाहत होती. मी त्या ठिकाणी बोलले नाही. डॉक्टरांना ड्रेसिंगच्या खोलीत बोलावून नंतर सांगितले. मध्ये किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. दहा मिनिटे असतील. गोळीचे नाव डॉक्टरांनी संदर्भ चिठ्ठीत इंग्रजीत लिहिले. मला म्हणाले, "सिस्टर, शुक्रवारी आली होती ना?" मी हो म्हटले.

त्यानंतर आम्ही केले ते असे. चिकटपट्टी अंगाला लावली नाही, कारण काढताना कातडी निघते. डाव्या पायाला चांगली जागा पाहून सलाईन लावले व ते सैल बँडेजने बांधले. फोड फोडले नाहीत. उघड्या जागेवर व्हॅसलीनची जाळी ठेवली. जळालेल्यांना लावतात ते पांढरे मलम कपाटात होते, ते लावू दिले नाही, त्यात सल्फा असते व अशा रुग्णाला चालत नाही. अंगावरची कातडी गेली की ऊब राहत नाही. बाहेर चाळीसच्या आसपास ऊन होते आणि ती थंडीने कापत होती. पंखा बंद केला.

चादर तिच्या पाठीला चिकटत होती. जळीत कक्षात आम्ही अशा रुग्णाला केळीच्या पानावर निजवत असू. पान गुळगुळीत व थंडसर असते, चिकटत नाही. मी नवनीतला म्हटले, केळीची पाने हवीत, कोवळी, न फाटलेली. त्याने विचारले, "कितला पानं लागतीन?" मी म्हटले, जितकी आणता येतील तितकी. तो मोटारसायकलवर गेला व अर्ध्या तासाच्या आत आला. त्याने स्वतःच्या बागेतील झाडांचे शेंडे कापले होते. घड लागायच्या झाडाचा शेंडा कापला तर घड जातो. भुरीबाईंनी व प्रमिलाबाईंनी पाने उकळत्या पाण्यातून काढून निववली. आम्ही चौघांनी तिला चादरीसकट उचलून पानांवर ठेवले व चादर ओली करून हळूच काढून घेतली. पाठ टेकल्यावर तिने "हां" असा आवाज केला. दोन दिवसांत तिला प्रथमच टेकता आले, असे प्रमिलाबाई म्हणाल्या.

साडेबाराला १०८ गाडी आली. मी सोबत गेले. नवनीत पुढे बसला. वाटेत ती फारसे बोलली नाही. एकदा तिने विचारले, चेहऱ्याला डाग राहतील का. मी म्हटले, काही राहतील, काही जातील. एकदा म्हणाली, फिट आली तर गाडीत सगळ्यांना समजेल. मी म्हटले, येणार नाही. माझा हात तिला धरता येत नव्हता, म्हणून मी तिच्या पायाच्या तळव्याला हात लावून बसले. तेथील कातडी शाबूत होती.

मोठ्या रुग्णालयात तिला लगेच दाखल करून घेतले. तेथील डॉक्टरांनी नवनीतला विचारले, फिट कधीपासून येतात. त्याला ती बाब तिथे कळली. मी शेजारी उभी होते. तो म्हणाला, "कोणले?"

दि. २२, शुक्रवार रोजी ड्युटी संपवून मी तिला पाहायला गेले. आत सोडले नाही, काचेतून पाहिले. त्या वेळी निम्म्याहून अधिक अंगाची कातडी गेली होती. बाहेर नवनीत पायरीवर बसलेला होता. मंगळवारचाच शर्ट, त्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तो म्हणाला, "ताई, तिनी माले सांगं असतं तं मी काय तिले माहेरले धाडी देतु?" तो म्हणाला, "तुमले माहीत व्हतं." मी हो म्हटले. तो उठून पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा त्याने माझ्यासाठीही पाण्याची बाटली आणली होती.

त्याच दिवशी तेथे रंजिताचे वडील मगन पाटील आले. काचेतून पाहून ते मोठ्याने ओरडले, "मन्ही पोरले जाळी टाकं यास्नी." त्यांच्यासोबतचे लोक नवनीतच्या अंगावर धावले. मी मध्ये उभी राहिले. मगनकाकांना बाजूला नेऊन मी सांगितले की, हे भाजणे नाही. भाजलेल्याच्या अंगाला, केसाला जळाल्याचा वास येतो, कपडा जळतो. रंजिताची वेणी पूर्ण शाबूत आहे, पापण्यांचे केस शाबूत आहेत. आगीने तोंडाच्या आत गालाला असे फोड येत नाहीत. हे नव्या गोळीने झाले आहे.

ते म्हणाले, "गोळी तं मीच लई दिधी." मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. ती गुजरातच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. खाली लिहिले होते की, ताप, तोंडात फोड किंवा अंगावर चट्टे आल्यास गोळी त्वरित बंद करून दाखवावे. डॉक्टरांनी त्यांना तोंडीही सांगितले होते. मी विचारले, तुम्ही रंजिताला सांगितले का. ते म्हणाले, फोन घरात असायचा, सासू शेजारी असायची, गोळीची गोष्ट फोनवर कशी काढायची. होळीला घरी येईल तेव्हा सांगू, असे त्यांनी ठरवले होते.

ते कागद पाहत उभे राहिले. मी त्यांना बसा म्हटले. ते बसले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "नही. जाळेलच शे." तो कागद त्यांच्याकडे असावा. तो मागवून पाहावा, असे माझे म्हणणे आहे. त्यांना त्रास व्हावा म्हणून मी हे सांगत नाही.

दि. २४ रोजी होळी होती. त्या दिवशी तिला जंतुसंसर्ग झाल्याचे व लघवी कमी झाल्याचे मला फोनवर कळले. दि. २६ मार्च, मंगळवार रोजी सकाळी ९.४० वाजता ती मयत झाली. शवविच्छेदन झाले आहे. अहवालात काय येईल ते मला माहीत नाही, परंतु त्यात भाजल्याची जखम येणार नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

अंत्यविधीपूर्वी मृतदेह बायकांनी आंघोळीला घेतला तेव्हा प्रमिलाबाई खोलीबाहेर उभ्या राहिल्या. त्या आत आल्या नाहीत. बाहेर लोक म्हणाले की, मनात पाप म्हणून आत जात नाही. मला त्याचे कारण माहीत आहे. मी त्यांना हात धरून आत नेले व दाखवले की, पाणी नुसते वरून सोडायचे आहे, पुसायचे नाही. त्यांनी तसे केले.

मला विचारण्यात आले की, सासरच्यांनी तिला त्रास दिल्याचे तिने कधी सांगितले होते काय. नाही. सासू सकाळचा चहा स्वतः करते व हिला झोपू देते, असे ती सांगायची. एवढी चांगली माणसे, म्हणून सांगायची भीती वाटते, असे ती एकदा म्हणाली होती.

मला असेही विचारण्यात आले की, वेळीच गोळी बंद झाली असती तर ती वाचली असती काय. शुक्रवारी बंद झाली असती तर वाचण्याची शक्यता बरीच होती. रविवारीही होती. शुक्रवारी व रविवारी तिने मला विचारले होते आणि मी घ्यायला सांगितले. प्रमिलाबाई यांनी तसे सांगितले नाही, नवनीतने सांगितले नाही, त्यांना गोळी आहे हेच ठाऊक नव्हते. माझ्यावर खात्याची चौकशी व्हावी, असा अर्ज मी काल तालुका आरोग्य कार्यालयात दिला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे.

हा जबाब मी कोणाच्या दबावाखाली दिलेला नाही. अमृत, म्हणजे माझे पती, बाहेर बसले आहेत. शुक्रवारचे व रविवारचे सांगू नकोस, तेवढ्याने काय बिघडते, असे ते येताना म्हणाले. त्यांचे म्हणणे काळजीपोटी होते.

माझा वरील जबाब संगणकावर टंकलिखित करून मला मराठीत वाचून दाखवण्यात आला व मी स्वतःही वाचला. त्यात एका ठिकाणी "मयत हिने आपला आजार सर्वांपासून लपविला होता" असे वाक्य आले होते. ते मी खोडून घेतले. तिने तो मला सांगितला होता. एवढी दुरुस्ती करून बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे.

समक्ष

(सही) सौ. दामिनी अमृत गिरासे